मे ते मुक्तिसंग्राम दिन : नवख्यांना स्केल मॉडेल शिकवताना

छत्रपती संभाजीनगरात यंदा उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी नवख्यांसाठी स्केल मॉडेलचा, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या वस्तूची प्रमाणात छोटी प्रतिकृती करण्याचा, रविवारचा वर्ग काढायचं ठरवलं, जूनमध्ये तो सुरू झाला आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सगळ्यांची मॉडेल्स टेबलावर मांडली. आठवीपासूनची मुलं होती, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, एक बँकवाले होते, आणि चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले फिटर काका होते. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडे कुणाला असं काही करायचं असेल, किंवा एकट्यानेच पहिलं किट हाती घ्यायचं असेल, तर काय लागतं, कुठे अडतं आणि पैसे किती जातात ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच ठरवली होती आणि शेवटपर्यंत सोडली नाही : जोड नीट जमेपर्यंत रंगाची बाटली उघडायची नाही. नवखा माणूस डब्यावरचं चित्र बघून येतो, त्याचा जीव रंगात अडकलेला असतो. मॉडेल बिघडतं मात्र जोडात. रंगाचा थर इतका पातळ असतो की तो काही झाकत नाही. उलट प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) बसला की आधी न दिसलेली केसाएवढी फटही उठून दिसते.

जागेची तयारी एप्रिलच्या अखेरीस सुरू केली. एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळण्यासारखा होता. अर्जात उद्देश, वार आणि वेळ, येणाऱ्यांची अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सोबत आधारची झेरॉक्स, एवढं मागितलं. कार्यकारिणीची बैठक महिन्यातून एकदाच होते, म्हणून अर्ज बैठकीच्या आठवडाभर आधी पोचला पाहिजे. नाहीतर सरळ पुढचा महिना. थिनर, सिमेंट (प्लॅस्टिकचे भाग जोडायचं द्रव), स्प्रे असे शब्द वाचल्यावर त्यांनी वेगळं हमीपत्र मागितलं : हॉलमध्ये स्प्रे मारणार नाही, ज्वलनशील पदार्थ ठेवून जाणार नाही, खिडक्या उघड्या ठेवू. मागणी रास्तच होती. हे हमीपत्र तुम्ही पहिल्याच अर्जाला जोडून द्या, एक फेरी वाचेल. भाडं विजेसकट एका रविवारचे ३०० रुपये, अनामत २,००० रुपये. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र घेतलं आणि त्यात ब्लेड आणि सॉल्व्हंट वापरणार असल्याचं स्पष्ट लिहिलं. संमतिपत्रावर सही करताना दोन-तीन पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांना पहिल्या दिवशी शेजारी बसायला सांगितलं; त्यातले एक पुढेही येत राहिले.

परवानगी येईपर्यंतचा मे महिना खरेदीत गेला.

किट निवडताना आम्ही १/७२ या प्रमाणावर आलो. १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूचे सहा फूट मॉडेलवर एक इंच. हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख खरे ४० फूट, म्हणजे १/७२ मध्ये सुमारे १७ सेंटिमीटर. तळहातावर मावतं, टेबलावर जागा खात नाही. १/४८ मध्ये तपशील जास्त मिळतो, पण किंमतही चढते. रणगाड्यांचं नेहमीचं प्रमाण १/३५. रणगाड्यात फटी लपतात आणि चिखलाने बरंच काही झाकता येतं म्हणून काही जण नवख्याला रणगाडा देतात. आमचं मत वेगळं आहे. त्यात चाकं आणि ट्रॅकच्या कड्या घासता घासता नवखा कंटाळतो. प्रोपेलरचं एकपंखी विमान सगळ्यात बरं : भाग कमी, आणि फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन अर्ध्यांचा तो लांब जोड, जो शिकायचाच असतो, तो त्यात आहेच. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे हरिकेनचे स्टार्टर सेट घेतले, त्यांत किटसोबत रंग, ब्रश आणि सिमेंट येतं. एक सेट आम्हाला १,७०० ते २,००० रुपयांच्या दरम्यान पडला.

हा आकडा ऐकून लोक विचारतात की बाहेरून मागवलं तर? थोडं गणित समजून घ्या. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. जोडणीची स्केल मॉडेल्सही सीमाशुल्काच्या त्याच ९५०३ शीर्षकाखाली येतात. परदेशातल्या नातेवाइकाने ‘गिफ्ट’ लिहून पाठवायची जुनी वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवनावश्यक औषधं तेवढी सुटली. त्यातून पार्सल आलंच तर कुरिअर कंपनी आधी केवायसी मागते. तेव्हा पहिल्या किटसाठी भारतातल्याच दुकानातून मागवा. एक मात्र लक्षात ठेवा : सिमेंट, थिनर आणि स्प्रे कॅन ज्वलनशील असल्याने विमानाने येत नाहीत, रस्त्याने येतात. आमची किट्स आठवड्यात आली आणि सिमेंटच्या बाटल्या त्यानंतर बऱ्याच उशिरा. वर्गाची तारीख जाहीर करायची ती बाटल्या हातात आल्यावरच.

हत्यारांसाठी कुठेही ऑनलाइन जायची गरज नाही. मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्याकडे बारीक निपर (कापायची छोटी पकड) मिळतो, १५० ते २०० रुपये. एक बाजू सपाट असलेलाच घ्यायचा. हॉबी नाइफऐवजी सर्जिकल सामानाच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेड आणली. ब्लेड काही रुपयांना एक, आणि धार अशी की जोर लावावा लागत नाही. टोक मात्र नाजूक असतं, तिरकं दाबलं की तुटून उडतं, म्हणून साधा चष्मा तरी डोळ्यांवर हवाच. वापरलेली ब्लेड झाकणाला चीर पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकायची, कचऱ्याच्या पिशवीत नाही. गुलमंडीच्या हार्डवेअरवाल्याकडून वॉटर पेपर घेतले : ४००, ६००, १००० आणि २००० नंबर. आइस्क्रीमच्या काड्यांवर ते पट्ट्या कापून चिकटवले की सँडिंग स्टिक तयार. बारीक फाइलचा संच, मास्किंग टेप, कपड्यांच्या छोट्या चिमट्या, रबरबँड, टूथपिक आणि टाइलचा एक तुकडा. हे सगळं माणशी ६०० ते ७०० रुपयांत बसलं. निपर आणि फाइल दोघांत एक दिली तर आणखी कमी.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर वर्ग सुरू झाला.

पहिल्या रविवारी काहीच चिकटवलं नाही. स्प्रू, म्हणजे किटचे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुतली. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य कधी कधी प्लॅस्टिकवर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही. शेवटचं पाणी मात्र जारचं किंवा आरओचं घ्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग सोडतं. स्प्रूवर ते पुसता येतात, पुढे डेकलखाली (मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांखाली) गेले तर कायमचे बसतात.

मग कापणं. निपर थेट भागाला भिडवून कापला तर प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा चट्टा पडतो, कधी टवकाही निघतो. म्हणून दोन टप्पे : आधी भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब कापून भाग मोकळा करायचा, मग सपाट बाजू भागाकडे ठेवून अर्धा मिलिमीटर ठेवून कापायचं, उरलेलं ब्लेडने किंवा फाइलने. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाला, निपर लावायचाच नाही, तडा आत धावतो. तिथे बारीक करवत, नाहीतर तापवलेली सुई आणि ब्लेड. सगळे भाग एकदम कापून ठेवायची हौस अनेकांना असते. कापू नका. भागाचा नंबर स्प्रूवर असतो, भागावर नसतो.

फाइल कशी धरायची हे शिकवायची आमची तयारी होती, पण ते काम फिटर काकांनी हातात घेतलं. समोरच्या मुलाचा हात धरून म्हणाले, “बाळा, ढकलताना कापते. ओढताना नुसती घासते आन् दात मरतात. ओढताना उचलायची.” फाइलच्या दातांत भरलेलं प्लॅस्टिक काढायला त्यांनी खिशातून पितळी तारांचा छोटा ब्रश काढला. दुसऱ्या रविवारी तसे ब्रश बऱ्याच जणांकडे दिसले.

सिमेंट हा खरा विषय. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि मॉडेल सिमेंट हे चिकट पदार्थापेक्षा सॉल्व्हंट जास्त : ते दोन्ही कडा विरघळवतं, कडा एकमेकींत मिसळतात, सॉल्व्हंट उडून गेलं की एकच प्लॅस्टिक उरतं. म्हणजे ही वेल्डिंगच. म्हणूनच रंगवलेल्या कडेवर ते धरत नाही. कडेचा रंग आधी खरवडावा लागतो. ट्यूबमधलं घट्ट सिमेंट ताराच ओढतं आणि बाहेर येतं, पातळ ब्रशवालं आवाक्यात राहतं. पातळ सिमेंटची रीत उलटी आहे : आधी भाग कोरडेच जुळवून टेपने धरायचे, मग ब्रश फटीला नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीत पळतो. इथेच सगळ्यांचं एक नुकसान होतं. जोडावर बोट दाबून धरलेलं असेल तर सिमेंट त्याच ओढीने बोटाखाली शिरतं आणि विमानाच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा कोरला जातो. टेपखालीही ते तसंच शिरतं. म्हणून दोन टेपच्या मधे मधे टेकवायचं, ती जागा धरली की टेप काढून राहिलेल्या जागी.

नववीतल्या एका मुलीचे फ्युजलाजचे दोन अर्धे मिटत नव्हते. “सर, हे निसटायलंय सारखं.” दोन्ही उजेडात धरून बघितले तर शेपटीकडची खुंटी समोरच्या भोकात पूर्ण जात नव्हती, भोकाच्या कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. जोर लावून सिमेंट घातलं असतं तर ते रात्रीत उघडलं असतं. पापुद्रा ब्लेडच्या टोकाने काढला, खुंटी दोन घासांत बारीक केली, तरी मधेच आत कॉकपिटची फरशी अडत होती. फरशीची कड दोन्ही बाजूंनी थोडी घासल्यावर अर्धे टक्‌ करून मिटले. याला ड्राय फिट म्हणतात, आणि कंटाळवाणं वाटतं तरी सगळा वेळ इथेच घालवायचा असतो. खुंट्यांचं काम भाग साधारण जागेवर आणणं एवढंच. अडत असतील तर बिनधास्त छाटा.

जोड मिटल्यावर हलकेच दाबला की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक माळ वर येते. ती पुसायची नाही. काही दिवस तशीच राहू द्या, मग ब्लेड उभी धरून खरवडा आणि ६०० च्या पेपरने पाणी लावून घासा. फट आपसूक भरलेली असते. पुढच्या रविवारपर्यंत हात न लावण्याचा नियम आम्हाला इथे कामी आला. घरी एकटे करणारे दुसऱ्याच दिवशी घासतात, आतलं मऊ प्लॅस्टिक नंतर आक्रसतं आणि प्राइमरखाली जोडावर खोलगट रेघ उमटते.

पंख बसवताना विमान समोरून, डोळ्याच्या पातळीवर धरून बघा. दोन्ही पंखांचा वर जाणारा कोन सारखा आहे ना, शेपटीचे पंख मुख्य पंखांशी समांतर आहेत ना. कार्डबोर्डमध्ये कोनाची खाच कापून त्यावर विमान रात्रभर ठेवलं की पंख खाली लोंबत नाहीत.

फेविक्विकबद्दल सगळे विचारतात. धातू किंवा रेझिनच्या भागांना ते लागतंच, पण मुख्य जोडांना नको. वाळल्यावर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, घासताना मऊ प्लॅस्टिक आधी झिजतं आणि जोडाचा उंचवटा उरतो. शिवाय त्याची वाफ कॅनॉपीवर पांढरं धुकं बसवते. कॅनॉपीला आपला पांढरा फेविकॉल, टूथपिकने. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, त्यामुळे मेच्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो आणि ऑगस्टमध्ये ते झटक्यात धरतं. त्याच उन्हाळ्यात पातळ सिमेंट मात्र ब्रशवरच उडून जातं. बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी लावायचं आणि बाटली कापलेल्या स्पंजच्या खाचेत बसवायची. कलंडलेली सिमेंटची बाटली पंखाचा लगदा करते.

जुलै पुट्टी आणि पेपर घासण्यात गेला. लोक गळायचे असतील तर याच महिन्यात गळतात, आणि दोन-तीन जण गळलेही. कारण आठवड्यामागून आठवडे मॉडेल करड्या धुळीने माखलेलं असतं आणि पुढे सरकल्यासारखं वाटत नाही. पुट्टी जाड थरात भरली की वरची कातडी वाळते, आतलं ओलं राहतं, नंतर खचतं. पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. छोट्या फटीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय : त्याच किटच्या स्प्रूचे तुकडे थोड्या सिमेंटमध्ये टाकून दोन दिवस ठेवायचे, मधासारखं घट्ट झालं की टूथपिकने भरायचं. हे मूळ प्लॅस्टिकच असल्याने घासताना उंचवटा होत नाही. वाळायला मात्र दोन-तीन दिवस द्या. पेपर नेहमी ओला, काडीला लावलेला, आणि जोडाला तिरका चालवायचा. बोटाने घासलं तर बोटाच्या आकाराचा खड्डा पडतो.

प्राइमरचे स्प्रे कॅन हॉलमध्ये चालणार नव्हते, म्हणून एकाच्या गच्चीवर, सकाळी लवकर. हे मेमध्ये करून बघितलं होतं : दहानंतरच्या उन्हात थेंब मॉडेलला पोचायच्या आत हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वॉटर पेपरसारखा खरखरीत होतो. कॅन उन्हात ठेवायचा नाही, त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आपल्याकडच्या मेमध्ये गच्चीची फरशी तिथवर सहज जाते. पावसाळ्यातली अडचण उलटी : दमट हवेत लॅकरच्या थरावर पांढुरका धुरकटपणा येतो. पाऊस थांबून ऊन पडलेला दिवस बघा. गच्चीवर आधी सडा टाका, धूळ बसते. कॅन मिनिट-दोन मिनिटं हलवून, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, मॉडेलच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच थांबायचं. एक हात फिरवला की पुरे. दहा मिनिटांनी दुसरा. वाळेपर्यंत वर खोकं उपडं.

प्राइमर बसल्यावर सगळ्यांची तोंडं पडली. चार आठवडे घासलेल्या जोडावर फटी दिसत होत्या. यासाठीच प्राइमर असतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर, त्या जागेपुरता पुन्हा स्प्रे. फिटर काकांनी उजेडाकडे तिरकं धरून बघायला शिकवलं. समोरून न दिसणारी रेघ सावलीत दिसते.

ऑगस्टमध्ये रंग. सेटमधले अॅक्रिलिक बाटलीतून थेट लावले की ब्रशचे वळ राहतात. टाइलवर रंगाचे थेंब घेऊन दुधाइतका पातळ करायचा, पहिला हात पारदर्शकच दिसणार, दिसू द्या. तीन-चार पातळ हात. अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर सोलून येतो. हा मोह आवरणं हेच ब्रशकामातलं निम्मं कौशल्य. कोरड्या दिवसांत रंग टाइलवरच सुकतो, त्यावर ओलं पॅलेट : पसरट डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग, काम थांबलं की झाकण. उन्हाळ्यात रंगवत असाल तर कूलर चालू ठेवून ब्रशकाम सोपं जातं, हवेत ओल राहते. स्प्रेच्या वेळी मात्र कूलर आणि पंखा दोन्ही बंद, नाहीतर गवताच्या ताट्यांची धूळ सगळी पंखावर. फेविक्रिलसारखे हस्तकलेचे रंग स्वस्त आहेत, पण त्यांचा थर रबरासारखा होतो आणि घासायला गेलं की सोलतो. बेसच्या, म्हणजे मॉडेल ज्यावर मांडायचं त्या पाटाच्या, जमिनीला ते उत्तम, विमानाला नकोत.

मास्किंग टेप लावण्याआधी तळहातावर दोनदा चिकटवून त्याची पकड कमी करा. रंगाला निदान एक रात्र दिल्याशिवाय टेप नाही.

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं. मॅट रंगावर ती लावली तर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी चमकतात. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात. डेकल चिमट्याने धरून जारच्या कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग टिश्यूवर मिनिटभर. कागदावर सरकायला लागली की मॉडेलवर पाण्याचा थेंब ठेवून त्यावर सरकवायची, उचलायची नाही. मधून बाहेर टिश्यूने पाणी काढायचं. जुन्या किटची डेकल आधी एक नको असलेली भिजवून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर वार्निश मारून मगच वापरा.

इथे एक छान प्रश्न आला. डब्यातली चिन्हं ब्रिटिश हवाई दलाची. आपल्याला भारतीय हरिकेन करता येईल का? दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवर भारतीय हवाई दलाने हरिकेन वापरली, पण प्रामुख्याने मार्क दोन, म्हणजे नंतरची आवृत्ती. तोफांची मांडणी वेगळी. आणि त्या आघाडीवर गोल चिन्हातला लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे किटही दुसरं आणि डेकलही दुसरी. पहिल्या मॉडेलला डब्यात आहे तेच करा. दुसऱ्याला हा अभ्यास.

मग वॉश, म्हणजे रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत सोडायचा पातळ गडद रंग. त्यासाठी कॅमलचं ऑइल कलर, काळा आणि तपकिरी मिसळून, चित्रकारांच्या टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतकं पातळ. पॅनलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या) रेघांवर ब्रश टेकवला की धावतं; अर्ध्या तासाने टर्पेंटाइनच्या जेमतेम ओल्या कापडाने हवेच्या दिशेने, म्हणजे पंखाच्या पुढून मागे, पुसायचं. खाली वार्निश हवंच. शेवटी मॅट वार्निश, तेही कोरड्या दिवशी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बेस. १३ सप्टेंबर १९४८ ला ऑपरेशन पोलो, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची भारतीय लष्कराची कारवाई, सुरू झालं, त्याच दिवशी सोलापूरकडून आलेल्या सैन्याने बोरी नदीवरचा पूल आणि नळदुर्ग घेतलं, आणि १७ ला निजामाने शरणागती दिली. वर हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती. आमच्यातल्या जुन्यांनी त्या पावसाळी रस्त्याचा छोटा देखावा केला : १/७२ ची जीप, लांबी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, आणि एक ट्रक, चिखलात.

चिखलाला खरी काळी माती वापरावीशी वाटतेच, आणि तिथेच अडतं. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, शेतात पडतात तशा भेगा बेसवरही पडतात, आणि १/७२ मध्ये त्या भेगा नाल्याएवढ्या दिसतात. उपाय असा : माती तव्यावर कोरडी भाजून घ्या, म्हणजे ओल जाते आणि किडे-बुरशी मरतात, मलमलच्या कापडातून चाळा, दोन भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू आणि एक भाग प्लॅस्टर ऑफ पॅरिस, पाण्यात निम्मा फेविकॉल आणि साबणाचा थेंब घालून कालवा. दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम देऊ नका. चाकोऱ्या ओल्यावरच जीपच्या चाकाने उमटवायच्या. खऱ्या मातीचा काळा रंग एवढ्या लहान आकारात डांबरासारखा दिसतो, म्हणून वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी-तपकिरी रंग. साचलेलं पाणी म्हणजे ग्लॉस वार्निशचे दोन-तीन थर.

प्रदर्शनासाठी एका शाळेचं सभागृह मागितलं होतं. मुख्याध्यापकांना पत्र, त्यांच्याकडून संस्थेकडे, संस्थेकडून परत, महिनाभर लागला. १७ तारखेला सकाळी ध्वजारोहण असतं, त्यानंतरचीच वेळ मागा, लगेच होकार येतो, कारण गर्दी आयतीच असते. टेबलाला दोरी बांधून हातभर अंतर ठेवा आणि ‘हात लावू नका’ या पाटीवर विसंबू नका. एक तुटलेलं, एक न जोडलेलं किट हाताळायला वेगळं ठेवलं की मुलांचे हात तिकडे जातात. मॉडेल दुचाकीवरून न्यायचं तर बुटाच्या खोक्यात तळाला फोम, त्यात चाकांपुरत्या खाचा, आणि पंखांना कशाचाही स्पर्श नको. बंद कारमध्ये उन्हात ठेवू नका, पातळ पंख वाकतात.

हिशेब : किट आणि हत्यारं धरून माणशी अडीच हजारांच्या आतबाहेर, हॉलचं भाडं सगळ्यांत वाटून. स्प्रे, पुट्टी, वार्निश सामायिक, त्याची वही ठेवली आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट चिकटवले. वाचनालयाची अनामत परत मागायला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. ती पहिल्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्याला स्टेपल करून टाका. निपर आणि फाइलचे संच कुलूपबंद डब्यात आहेत, पुढचा वर्ग जानेवारीत, तेव्हा हवा कोरडी आणि थंड असते. यादीत नावं घेणं सुरू आहे, पण या वेळी किट्स डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मागवायची आहेत, सिमेंटच्या बाटल्या त्याच्याही आधी.